खाटेभोवतीचे दगड

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी मला सहाव्या महिन्यातच झोपवलं. पिशवीचं तोंड सैल पडलंय, उठायचं नाही, म्हणाल्या. मी केनवडला माहेरी खाटेवर पडून येईल-जाईल त्याच्यावर खेकसत होते. भीतीनं घास उतरत नव्हता. त्यातच माझ्या भावाला अवदसा आठवली आणि त्यानं माझ्या दुसरीतल्या लेकीसाठी ऑक्टोपसचं पुस्तक आणलं.

समुद्र आम्ही दोघींनीही पाहिलेला नाही. पण रोज दुपारी ती माझ्या कुशीत शिरायची आणि मी वाचायचे. ऑक्टोपस आई खडकात कपार शोधते, आतली वाळू बाहेर लोटते, दगड-शिंपले ओढून दार अरुंद करते. लेकीला हे फारच पटलं. तिनं अंगणातले दगड आणून माझ्या खाटेभोवती रचले. माझी माय रोज त्यांना ठेचकाळायची आणि आमच्या नावानं बोटं मोडायची.

मग ऑक्टोपस आई अंडी घालते. तांदळाएवढी अंडी, छताला माळेसारखी टांगलेली. ती त्यांच्यावर पाणी फुंकत राहते, त्यांना पुसते, दार सोडत नाही. जेवतही नाही. शेवटचं पान मी आधीच वाचून ठेवलं होतं. म्हणून तिथंच पुस्तक मिटलं आणि पिल्लं मजेत पोहत गेली, असं ठोकून दिलं.

पोरीला आता वाचता येतं, हे मी कशी विसरले कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी ती ताट घेऊन खाटेशी उभी राहिली. मी नको म्हटलं तरी हलेना. काय झालं विचारलं, तर म्हणाली, "पिल्लं भायेर निघाले का ते मरते. काहून का ते जेवत नाही."

मी माणूस आहे, मला काही होत नाही, असं मी तिला सांगितलं. तिला ते पटलं नाही. मला तरी कुठं पटत होतं! तेव्हापासून माझा शेवटचा घास गिळून होईपर्यंत ती दगडांपाशी बसून राहायची.

कळा वेळेआधीच सुरू झाल्या. वाशीमला नेलं, सिझर झालं. मला खाटेवर आणलं तेव्हा मायच्या हातात बाळ होतं आणि लेकीच्या हातात डबा. नर्सबाईंनी तो पाहिला आणि म्हणाल्या, इतक्यात पोटात काही द्यायचं नाही.

लेकीचा चेहरा पांढराफटक पडला. बाळ बाहेर आलं होतं आणि आईला जेवायचं नव्हतं. मायनं बाळ पुढं केलं, तिनं मान फिरवली. डबा मांडीवर घेऊन ती माझी छाती वर-खाली होते का ते बघत बसली. टाके ठणकत होते, अंगात हुडहुडी होती, बोलायचं त्राण नव्हतं. खरं सांगते, तिची भीती मलाही लागली होती. माझे डोळे मिटले की ती माझा अंगठा दाबायची आणि मी ते पुन्हा उघडायचे.

संध्याकाळी नर्सबाईंनी पोट तपासलं, आधी पाणी पाजलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, वरणाचं वरचं पाणी चालेल. लेकीनं डबा उघडला. चमचा माझ्या तोंडाशी आणला, अर्धं माझ्या गळ्यावर सांडलं. उरलेलं मी गिळलं. तिनं माझा गळा हलताना पाहिला, आणखी एक चमचा दिला, तोही गिळताना पाहिला.

मग डब्याला झाकण लावून ती मायकडे वळली.

"आता दाखव मले भाऊ."