देवनारचा ओसाड ग्रह

अंधेरीच्या व्हिज्युअल इफेक्ट्सच्या स्टुडिओत आम्ही एका ब्रिटिश विज्ञानकथा-मालिकेच्या नव्या सीझनचे शॉट करत होतो. त्यांना माणसांनी सोडून दिलेला, कचऱ्याने भरलेला ग्रह हवा होता. सुपरवायझर म्हणाला, "तू देवनारची ना? शूट करून आण." मीही मूर्खासारखी खूश होऊन गेले आणि डंपिंग ग्राउंडवरचा कचऱ्याचा डोंगर, त्याच्या पायथ्याची आमची वस्ती, सगळं शूट केलं. लंडनहून शेरा आला: कचरा अप्रतिम, पण इथे कोणीतरी राहतंय असं दिसतं, ते पुसा. पंधरा दिवस एकेक फ्रेम घेऊन मी आमचं घर पुसलं, निळी पिंपं पुसली, दोरीवरचा आईचा गाऊनसुद्धा पुसला. एपिसोड आल्यावर मोठ्या हौसेने आईला दाखवला. तिने तो शेवटपर्यंत बघितला. मग म्हणाली, "घाण तेवढी ठेवलीस, आणि आपल्याला काढलंस होय गं?"