तीन महिन्यांच्या ताई

पेशंटकडून स्वयंपाक शिकल्याशिवाय त्याच्या बँडेजला हात न लावणारी नर्स अख्ख्या कॅनडात एकच असणार, आणि ती म्हणजे आमच्या नागपूरच्या ताई.

मी सोलापूरचा. वडील पॉवरलूमवर कामाला होते. लूम बंद पडल्यावर मिळेल ते काम करायचे. आई विड्या वळायची, आमच्या वह्यांनासुद्धा तंबाखूचा वास यायचा. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मीच पहिला. नर्सिंगची पदवी घेतली तेव्हा चुलते म्हणाले, "एवढं शिकून सिस्टरच झालास होय?" मी मनावर घेतलं नाही. कॅनडातली नर्सिंगची परीक्षा पास झालो आणि २०१६च्या हिवाळ्यात विनिपेगच्या एका हॉस्पिटलात, भाजलेल्यांच्या वॉर्डात, प्रोबेशनवर लागलो. जमलं तर कायम, नाही तर रामराम.

ताई ट्रॅव्हल नर्स. जिथे माणसं कमी पडतील तिथे तीन महिने जायचं, करार संपला की बॅग उचलायची. बॅगेत कपड्यांपेक्षा प्रेशर कुकरचीच जागा जास्त. भाड्याच्या बेसमेंटमध्ये त्यांनी कधी खिळा ठोकला नाही, देव फ्रिजवर मांडायच्या. भाजलेल्यांना थंडी सोसत नाही म्हणून आमच्या पेशंटच्या खोल्या चांगल्या तापवलेल्या असतात. बाहेर उणे तीस, आत बाकीच्या नर्सेस घामाने हैराण, आणि ताई खूश. "माणसानं राहावं अशी कॅनडात हीच एक जागा आहे बाप्पा. आमच्याकडे याले फेब्रुवारी म्हणतात."

ड्रेसिंगच्या आधी त्या खुर्ची ओढून पेशंटला विचारायच्या, "तुमच्या घरी सगळ्यात चांगलं काय बनतं? मला शिकवा." पेशंट सांगत राहायचा, ताई बँडेज सोडवत राहायच्या आणि नंतर सगळं वहीत उतरवायच्या. त्या वहीत अर्ध्या मॅनिटोबा प्रांताचं स्वयंपाकघर होतं. स्वतः मात्र रोज खिचडी. एकदाच त्यांनी पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्या केल्या आणि मला जेवायला बोलावलं. एकूण एक पाण्यात फुटल्या. "सूप आहे समज," म्हणाल्या, आणि वाडग्यात वाढल्या.

मी ड्रेसिंग झटपट करायचो. सोलापूरच्या वॉर्डात एका नर्सवर सगळी रांग, तिथे लवकर उरकणं हीच दया असं शिकलो होतो. इथे एक शेतकरी आजोबा होते, शेडमध्ये पेट्रोलचा डबा पेटून उजवा हात भाजलेला. दुखणं कमी करायचं औषध देऊनही, मी दिसलो की ते हात पोटाशी घ्यायचे. एक दिवस मॅनेजरसमोरच म्हणाले, "हा नको. दुसरं कोणी पाठवा." मॅनेजरबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आठवड्यात फरक दिसला नाही तर या वॉर्डात ठेवता येणार नाही.

मी ताईंकडे गेलो. "ताई, मीही रेसिपी विचारतो की. उपयोग होत नाही."

"विचारतो. ऐकतो का?"

"ऐकतो ना."

"मंग सकाळी आजोबा बोलता बोलता थांबले, तेव्हा तुहे हात काहून चालू होते?"

इतके दिवस मला वाटत होतं, रेसिपी पेशंटचं मन रमवायला असते.

"हे लोक दुखते म्हणून सांगत नाहीत रे," ताई हळू म्हणाल्या. "आवाज अडला की समजायचं. ते थांबले की तू थांब. ते बोलले की मंग हात हलव."

दुसऱ्या दिवशी मी आजोबांना विनंती केली, "एकदाच करू द्या." मॅनेजरबाई दारात उभ्या. आजोबा नाखुशीनेच बायकोच्या बीटच्या सुपाचं सांगू लागले. बीट सोलायच्या आधीच थांबले. मी हात उचलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, श्वास घेतला, मग म्हणाले, "बीट जाड नाही कापायचं." मी बँडेजवर पाणी सोडून पुढचा पदर सैल केला. असं करत वीस मिनिटांच्या कामाला तास लागला. शेवटचा पदर त्यांनी स्वतःच डाव्या हाताने काढला आणि मॅनेजरबाईंना म्हणाले, "उद्याही हाच येऊ दे."

ताईंचा करार त्याच महिन्यात संपला. मी त्यांना एअरपोर्टवर सोडायला गेलो. कुकरची बॅग उचलून देताना विचारलं, "पुढच्या हिवाळ्यात येणार ना?"

"जिथे माणूस कमी पडते तिथे मले पाठवतात," त्या म्हणाल्या. "इथे कायले पाठवतील आता?"

पाठवलं नाहीच. प्रोबेशन संपल्यावर मला कायम केलं, आणि आज मी त्याच वॉर्डात नर्स आहे.