गुडघे, लिफ्ट आणि वजनकाटा

परवा व्हिडिओ कॉलवर तुमचे आजोबा तुम्हाला म्हणाले, "आजीचे गुडघे दुखतात ना, म्हणून तिने लिफ्टमधला वर्ग बंद केला." मी स्वयंपाकघरात होते. सगळं ऐकलं. तुमच्यासमोर त्यांना खोटं पाडणं मला बरं वाटलं नाही, म्हणून गप्प राहिले. पण माझे गुडघे उत्तम आहेत. वर्ग का बंद झाला ते क्रमाने लिहिते.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर जूनमध्ये आमच्या कोथरूडच्या सोसायटीतली नववीत गेलेली मुलं रविवारी सकाळी माझ्याकडे फिजिक्स शिकायला येतात. फी नाही. पहिल्या दिवशी पुस्तकही नाही. आम्ही लिफ्टमध्ये जातो, बरोबर जुना स्प्रिंगचा वजनकाटा घेऊन. नवा डिजिटल काटा उपयोगाचा नाही. एकदा आकडा दाखवला की तो तिथेच गोठतो. काट्यावर तुमचे आजोबा उभे राहायचे, कारण मुलांना स्थिर उभं राहता येत नाही. बाकीच्यांनी खाली बसून काटा बघायचा.

लिफ्ट वर सुटली की काटा क्षणभर पुढे सरकतो. आठव्या मजल्याशी थांबताना मागे येतो. मधल्या मजल्यांवर काय होईल, असं आधी विचारलं, की सगळी मुलं सांगतात, काटा पुढेच राहणार, आपण वर जातोय ना! तो राहत नाही. लिफ्ट वर जात असते आणि काटा तळमजल्यावर होता तिथेच असतो. चालत राहायला जोर लागत नाही, चाल बदलायला लागतो. हे वाक्य मी कॉलेजात इंग्रजीतून पाठ केलं, पेपरात लिहिलं, मार्क मिळवले; पटलं फार उशिरा. ज्याला हे पटत नाही त्याला पुढचं सगळं पाठच करावं लागतं. म्हणून माझा तो एक तास मला फार महत्त्वाचा वाटतो.

यंदा चार मुलं होती. तिघांना पटलं. चौथी, तिसऱ्या मजल्यावरची मुलगी, काट्याला बोटाने टिचकी मारून म्हणाली, "आजी, हा अडकला असेल. जुना आहे ना." मला ती फार आवडली. पुढच्या रविवारी तिलाच काट्यावर उभं करायचं मी ठरवलं.

तो रविवार यायच्या आत लिफ्टमध्ये नोटीस लागली. "लिफ्ट ये-जा करण्यासाठी आहे. प्रयोग करणाऱ्यांनी जिना वापरावा." खाली सचिवांची सही. सचिव म्हणजे तुमचे आजोबाच.

मला वाटलं, कमिटीने त्यांना भरीला घातलं असणार. बिचाऱ्यांना स्वतःच्या बायकोविरुद्ध सही करावी लागली. त्यांना अवघड वाटू नये म्हणून मी विषयच काढला नाही. उलट संध्याकाळी थालीपीठ लावलं, वर लोणी. त्यांनी दोन खाल्ली आणि म्हणाले, "आज छान खुसखुशीत झालंय."

मग एका सकाळी खाली भाजीच्या गाडीपाशी पहिल्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. "काय हो, सचिव घरचा आणि नोटीस तुम्हालाच?"

"कमिटीपुढे त्यांचं तरी काय चालणार?" मी म्हटलं.

"कमिटी? अहो, आम्ही तर म्हणत होतो, रविवारचा एक तास आहे, चालू दे. ठराव तुमच्या ह्यांनीच मांडला. ते जिन्याचं वाक्यसुद्धा त्यांचंच. सगळे किती हसले!"

मी गवार निवडून घेत होते. ती घेतच राहिले. गाडीवाला म्हणाला, "आजी, पुरे की, लग्न आहे का घरात?"

वर आले. आजोबा पेपर वाचत होते.

"ठराव तुम्ही मांडलात?"

"कोणी सांगितलं?"

"म्हणजे मांडलात."

पेपर खाली आला. "अगं, लोक हसतात. आठव्या मजल्यावरचे जाता-येता विचारतात, आज किती भरलात?"

"मग मला म्हणायचं, काट्यावर उभा राहणार नाही. दुसरं कोणी राहिलं असतं."

"तुला सांगितलं असतं तर तू मला पटवून दिलं असतंस."

त्यांना काट्यावर उभं राहायला लाज वाटत होती, याचा मला राग नाही. पण माझ्याशी घरात वाद घालण्यापेक्षा माझ्या पाठीमागे, मला हसणाऱ्यांत बसून, तो जिंकणं त्यांना सोपं वाटलं. आणि वर माझं थालीपीठ खाल्लं.

रविवारी मुलं आली. मी त्यांना घेऊन स्वारगेटच्या बसमध्ये बसले. पर्समध्ये दोरा होता. त्याला घराची किल्ली बांधली आणि दोरा त्या मुलीच्या हातात दिला. बस सुटली की किल्ली मागे जायची, ब्रेक लागला की पुढे. कंडक्टर म्हणाला, "आजी, लिंबू-मिरची मिळाली नाही वाटतं?"

"तुमच्या ड्रायव्हरची परीक्षा घेतोय," मी म्हटलं.

पुढे रस्ता मोकळा मिळाला आणि बस एका लयीत जायला लागली. किल्ली सरळ खाली लोंबत राहिली. मुलीने आधी किल्लीकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर पळणाऱ्या दुकानांकडे, मग पुन्हा किल्लीकडे. "आजी, ही अडकलेली नाहीये. मीच धरलीये." तिला पटलं होतं. असा पटलेला चेहरा बघायला दर वर्षी लिफ्टमध्ये आम्ही दोघं असायचो.

परत आलो तेव्हा आजोबा दुधाची पिशवी घेऊन दारासमोर पायरीवर बसले होते. रविवारी मी घरीच असते, म्हणून ते किल्ली न घेता दार ओढून फिरायला जातात.

"किल्ली?"

"प्रयोगाला गेली होती."

"सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला पटवून दिलं असतंत," हे त्यांचंच वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी ते बोलले नाही. किल्ली नेताना मला त्यांची आठवण राहिली नव्हती, एवढंच. ठराव मांडताना त्यांना माझी पूर्ण आठवण होती. ते वाक्य मी बोलले असते तर ते हसले असते, आणि आपली फिटंफाट झाली असं त्यांना वाटलं असतं. तशी ती झालेली नाही.

दोरा सोडवून मी दार उघडलं आणि दूध तापत ठेवलं. तुम्ही पुन्हा फोन कराल तेव्हा माझ्या गुडघ्यांची चौकशी त्यांच्याकडेच करा. मी शेजारीच बसलेली असेन.