हिंगाच्या डब्यातल्या गोळ्या

“ताई, पोरगी बरी झाली न, मंग गोळ्या काहून देऊन राहिली? पाहुण्यांनी पाहिल्या त?” मावशी आईला म्हणत होती ते मी दाराआडून ऐकलं. ट्रकच्या अपघातानंतर गोळ्यांनी आणि समुपदेशनाने मला नुकतीच कुठे नीट झोप लागू लागली होती. आईने गोळ्या बंद करून माझ्यादेखत हिंगाच्या डब्यात दडवल्या, समुपदेशकाकडे जाणंही थांबवलं. मला बघायला पाहुणे आले त्या दुपारी नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत ट्रकचा हॉर्न वाजला आणि माझ्या हातातून पोह्यांचा ट्रे पडला. “कमजोरी हाय तिले,” आई घाईने म्हणाली. आजही हिंगाचा वास आला की वाटतं, मावशी बोलली त्याच दिवशी तिच्यासमोर बोलायला हवं होतं. बोलले ते थेट पाहुण्यांसमोर: “कमजोरी नाही, अपघाताची भीती आहे. आई, हिंगाच्या डब्यातल्या माझ्या गोळ्या दे.”