सर्व्हरवरची म्हैस

आमच्या विभागात मी कम्प्युटरवाला मास्तर म्हणून ओळखला जायचो, आणि ती ओळख मी स्वतःच पसरवली होती. खरे तर शिकवायचो जीवरसायन. नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षे होती. सुरतेतल्या आमच्या कॉलेजातून टेलिफोनच्या तारेवर परदेशी वेबसाइट उघडायची, तर बटण दाबून खुशाल जेवून यावे. डीएनएची अक्षरे तिकडे पाठवून ‘ही कोणत्या जिवाची?’ असे विचारले, की उत्तर यायच्या आत लाइन तुटे.

म्हणून ही सोय आपल्याच सर्व्हरवर बसवायची असे मी ठरवले. माहितीसाठा सीडींवर आला होता, शोधणारा प्रोग्रॅम फुकट मिळाला होता, वेबपान मी लिहिले. चौकटीत अक्षरे टाका, बटण दाबा, सर्वांत जवळचा जीव कोणता ते कळेल.

फक्त उत्तराला वीस मिनिटे लागत. उद्घाटनाचे पाहुणे दूधधंद्यातले मोठे गृहस्थ. ते वीस मिनिटे गप्प बसतील याची खात्री त्यांच्या घरच्यांनीही दिली नसती. मग मी एक युक्ती केली. त्यांना आवडावे म्हणून म्हशीच्या दुधातल्या प्रथिनाचे जनुक निवडले, त्याचे उत्तर आदल्या दिवशीच काढून ठेवले आणि प्रोग्रॅममध्ये एक ओळ घातली: काहीही विचारले तरी मिनिटभर थांबायचे आणि हेच पान दाखवायचे. अक्षरांच्या जुळणीचा खालचा भाग पाहुण्यांना कंटाळा येईल म्हणून काढून टाकला.

पाहुण्यांनी बटण दाबले. मिनिटाने पडद्यावर म्हैस उतरली. “आपणी सुरती भेंस!” म्हणून ते उठूनच उभे राहिले. पेढे वाटले गेले.

त्याच संध्याकाळी मी ती ओळ काढली. पण काढली ती माझ्या फोल्डरातल्या प्रतीतून. सर्व्हर चालवत होता ती प्रत वेगळीच होती, हे माझ्या ध्यानात आले नाही. पुढे रोज सकाळी मी चाचणी घेई. कोणत्या अक्षरांनी? म्हशीच्याच. ती हाताशी होती ना! रोज म्हैस येई आणि मी रजिस्टरात ‘चाचणी उत्तीर्ण’ लिहून सही करी. वीस मिनिटांचे काम मिनिटात होऊ लागले, तेव्हा मी नुकतीच बसवलेली मेमरी विभागात सगळ्यांना दाखवली.

या सर्व्हरच्या पहिल्या खऱ्या गिऱ्हाईक म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या एक तरुण बाई. मूळच्या खानदेशच्या, राहायला नवागामला, वडील मागावर कामाला. त्या घरातून कोणी पीएचडीला बसले ते पहिल्यांदाच. रंगाच्या गिरण्यांचे पाणी ज्या खाडीत जाई, तिथून त्यांनी रंग खाणारा एक जंतू शोधून काढला होता. दोन वर्षे त्यावर गेली होती. दुसऱ्या शहरातून त्याच्या जनुकाची अक्षरे कागदावर येऊन पडली. ती त्यांनी एकेक करून चौकटीत भरली आणि बटण दाबले.

म्हैस.

पुन्हा टाकली. म्हैस. तिसऱ्यांदा मीच शेजारी बसून टाकली. “एवढं ठाम उत्तर चुकीचं नसतं, बाई,” असे मीच म्हणालो.

विभागप्रमुखांनी निकाल दिला, नळीत दूध पडले. “बेन, चा लॅबमां नहीं पीवानी!”

“सर, मी चहा पीतच नाही,” त्या म्हणाल्या.

“मग बासुंदी असेल,” मी म्हणालो. सगळे हसले. पुढे त्या दिसल्या की कोणीतरी म्हैस कधी बांधली ते विचारी, “बेन, भेंस क्यारे बांधी?” तिसऱ्या दिवशी त्यांनी जंतू वाढवलेल्या सगळ्या नळ्या उकळून फेकून दिल्या आणि बाटल्या घेऊन पुन्हा खाडीवर गेल्या.

तीन आठवड्यांनी मी सहज भाताचे जनुक टाकून पाहिले. म्हैस आली. मग केळीचे टाकले. केळीचीही म्हैस झाली. पंधरा मिनिटांत चूक सापडली आणि दुरुस्तही झाली. रजिस्टरात मी लिहिले, ‘किरकोळ सुधारणा केली.’ त्यांच्या टेबलापर्यंत गेलो होतो. त्या नव्या बाटल्यांवर नावे लिहीत होत्या. “काय सर?” त्यांनी विचारले. “काही नाही, चालू द्या,” म्हणालो आणि परत आलो. पाहुण्यांचा हसरा फोटो भिंतीवर नुकताच लागला होता. त्याच्याखाली उभे राहून ते पान खोटे होते असे म्हणायला जीभ उचलेना.

तो जंतू पुन्हा सापडला नाही. वरची गिरणी तोवर दुसरीकडे गेली होती, पाणी बदलले होते. बाईंनी विषय बदलून उशिरा पदवी घेतली आणि संशोधन सोडून शाळेत शिकवू लागल्या.

गेल्या महिन्यात नंबर मिळवून मी त्यांना फोन केला आणि सगळे सांगितले.

“तिन्ही वेळा तेच पान?”

“तेच.”

त्या खूप वेळ हसल्या. मग म्हणाल्या, “सर, तेव्हा तुम्ही पण हसला होतात. बासुंदी तुमचीच.”

“हो.”

“फोनवर नका सांगू, लिहून द्या. बाबा आजही पाहुण्यांना सांगतात, मनी पोरना हातथीन दूध सांडनं, नाहीतर मोठी शास्त्रज्ञ झाली असती. त्यांना वाचून दाखवायचंय. सोपं लिहा. आणि नळ्या अकरा होत्या, तेही लिहा.”

तेव्हा सोपे लिहितो. भाऊ, तुमच्या मुलीच्या हातून काहीही सांडले नव्हते. तिच्या अकराही नळ्या स्वच्छ होत्या. चूक माझी होती, ती मला तीन आठवड्यांत कळली होती, आणि तिला तसे सांगायला मी तिच्या टेबलापाशी जाऊन न सांगताच परत आलो.