घोड्यावरचा कोण

आमच्या सासूबाई कुसुमावती यांच्याशी भांडताच येत नाही. कुणी काहीही सांगो, त्या "होय होय" म्हणतात आणि चहा ठेवतात. लग्न होऊन मी आमच्या बेटावरच्या फिनिक्स शहरातून लॉंग माउंटन या खेड्यात आले तेव्हा मला हे फार गोड वाटलं होतं. पुढं पुढं माझं डोकं उठायला लागलं.

जन्मभर त्या उसाच्या मळ्यात राबल्या. सासरे तरुणपणीच गेले. भाजी पिकवून, बाजारात बसून त्यांनी सत्यदेव आणि नवीन या दोन मुलांना वाढवलं. सत्यदेव माझा नवरा. घरात त्यांचं स्वतःचं असं एकच माणूस होतं, आणि ते पितळेचं होतं.

ते म्हणजे आमच्या देव्हाऱ्यातला टाक. घोड्यावर स्वार, हातात काहीतरी लांब, टापांखाली काहीतरी चिरडलेलं. चिंच आणि राखेनं घासून घासून स्वाराचं नाक पार गेलेलं. मळ्यात मजुरीला देशाहून जहाजातून आलेल्या पणजीच्या गाठोड्यातला हा खंडोबा, असं घरात सांगत आले होते. घरात काही घडलं की सासूबाई त्याला भंडारा लावायच्या आणि सगळं सांगायच्या. गाय व्याली, नवीन पास झाला, अमका वारला. नवी सून आली की तिचं नाव सांगायच्या. माझं नाव भगवती हे सांगितलंच, वर माझ्या माहेरी विजेचा पंखा आहे हेही सांगितलं. देवाला पंखा कशाला हवाय?

एकोणऐंशीच्या क्लॉडेट वादळात आमचे पत्रे उडाले. सगळं सामान अंगणात उन्हात मांडलं होतं. शेजारच्या मादाम सोलांज मदतीला आल्या आणि टाक हातात घेऊन ओरडल्या, "मे सा सें झोर्झ सा!" हा तर त्यांचा सेंट जॉर्ज, आणि टापांखाली ड्रॅगन. सासूबाई म्हणाल्या, होय होय. गावातला दुकानदार तमिळ होता. तो म्हणाला, आमच्या गावाची राखण करणारा घोडेस्वार असाच दिसतो. त्यालाही होय होय, आणि चहा.

हे फिनिक्सला इंद्रजीतकाकांच्या कानावर गेलं, तिथं घोड्यानं पेंड खाल्ली. काका म्हणजे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, सरकारी कचेरीत मोठ्या जागेवर. तेव्हा ते जगभरचे देव कसे जन्मले यावर पुस्तकं वाचत होते, आणि काका वाचतात तेव्हा सगळ्या घराला ऐकावं लागतं. ओसरीत बसून त्यांनी समजावलं: माणूस कशाला तरी भितो, साप असो, पूर असो, रोग असो. त्या भीतीला तो राक्षस करतो आणि कुणाच्या तरी घोड्याखाली घालतो. म्हणून देशोदेशी हा स्वार आहेच.

"मग आपला कुठला, यानं काय बिघडतं?" मी विचारलं.

"तसं नाही, भगवती. आपलं मूळ शुद्ध पाहिजे."

कपाळावर हात मारावा की भिंतीवर डोकं आपटावं, मला कळेना. सगळ्यांचं मूळ एक म्हणायचं, आणि लगेच आपलं वेगळं काढून धुवायचं!

काकांनी भिंग लावून टाक उलटा केला. मागे अक्षरं होती की ओरखडे, देव जाणे. काकांनी निकाल दिला: पणजी आजारी असताना कुणा ख्रिस्ती जोगिणीनं दिलेलं हे सेंट जॉर्जचं पदक आहे, घराण्यानं इतकी वर्षं परका देव पुजला. नवीनचं लग्न ठरल्यावर त्यांनी कुणाकडून तरी जेजुरीहून चांदीचा टाक मागवला. जुना स्वतः नेऊन तेर रूज गावाच्या पलीकडे समुद्रात सोडला. आदल्या दिवशी मी सासूबाईंना कळवळून म्हटलं, "आई, एकदा तरी नाही म्हणा."

"बे, की पू फेर? शिकलेला हाय तो," त्या म्हणाल्या. काय करणार म्हणे!

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, हळद उतरवताना, नवी सून चंद्रकला पाटावर बसली. सासूबाईंनी चिमटीत भंडारा घेतला, पण तिचं नाव काही सांगेनात. नव्या टाकाकडे नुसत्या बघत राहिल्या.

"ह्याला आपलं कोणच ठावं नाय," त्या म्हणाल्या. "पयल्यापासून सांगाया पायजे."

आणि लागल्या सांगायला. पणजीपासून. कोण कुठल्या मळ्यात होता, कोण तापानं गेला, कुणाचा पाय गिरणीत अडकला. भटजी चुळबुळले, काकांनी घड्याळ पाहिलं. सांगत सांगत त्या स्वतःच्या मुलांपाशी आल्या.

"माझा थोरला सत्यदेव. धाकला नवीन. मदी..."

मध्ये कुणी होतं, हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी नवऱ्याकडे पाहिलं, तर तो मान खाली घालून बसलेला.

"वहिनी, आवरा आता," काका म्हणाले.

"नाय." सासूबाईंच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "त्ये मी येकदाच सांगितलं व्हतं. त्या जुन्याला. तेवा तो माज्याकडं बगत व्हता. पुन्ना नाय सांगवत."

काकांचा चेहरा उतरला. सासूबाईंच्या चिमटीतला भंडारा लुगड्यावर सांडत होता. मला काकांचा इतका संताप आला की मी बोलायला उठणारच होते.

दारापाशी बसलेल्या मादाम सोलांज उठल्या. सासूबाईंच्या शेजारी येऊन बसल्या आणि चांदीच्या स्वाराकडे वाकून, कमी ऐकू येणाऱ्या पाहुण्याशी बोलावं तसं सावकाश म्हणाल्या, "ती एना एन ती फी. ईरा सो नों."

एक लहान मुलगी होती. हिरा तिचं नाव.

मग सासूबाईंनी टाकाला भंडारा लावला आणि चंद्रकलेचं नाव सांगितलं.