बांधून ठेवा, सोडू नका

डॉ. कुमुद गायधनी यांची आणि माझी पहिली भेट झाली ती एका कुत्र्याच्या धडधाकट पायामुळे. पशुवैद्यकीची पदवी घेऊन मी नुकताच नाशिकला परतलो होतो आणि सगळं येतं अशा थाटात होतो. पंचवटीतल्या त्यांच्या दवाखान्यात टेबलावर एक लंगडणारा लॅब्रेडोर होता. मी पुढे होऊन थेट दुखऱ्या गुडघ्याला हात घातला. मॅडमनी माझं मनगट धरून हात बाजूला ठेवला आणि चांगला पाय आधी तपासा म्हणाल्या. चांगलं कसं असतं ते हाताला माहीत नसेल तर बिघडलेलं कळणार कसं, असा त्यांचा सवाल होता. चारचौघांत, अहोजाहो करून झालेला तो माझा पहिला अपमान. त्यावर माझी पुढची सगळी प्रॅक्टिस उभी आहे.

तो लॅब्रेडोर पंचवटीतल्याच एका गुरुजींचा होता. पेढे खाऊन खाऊन त्याचं पिंप झालं होतं आणि त्या वजनापायीच गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता. मॅडम मालकांशी बोलताना अस्थिबंध वगैरे म्हणत नसत. "गुडघ्यातली दोरी तुटलीय," एवढंच सांगत. मांडीचं हाड एका हातात आणि नळीचं दुसऱ्या हातात धरून त्या नळी अलगद पुढे ढकलत. दोरी तुटलेली असली की ती टेबलाच्या खणासारखी पुढे सरके. मग गुडघ्याच्या बाहेरून जाड नायलॉनचा धागा ओवून त्या तुटलेल्या दोरीचं काम त्या धाग्यावर सोपवत. त्या दिवशी ऑपरेशन झाल्यावर गुरुजींना त्यांनी बजावलं, "गुरुजी, याला नैवेद्य नुसता दाखवत जा." गुरुजी हसले, पण कुत्रा पुढे बारीक झाला.

बाईमाणसानं जनावरांच्या हाडांशी कसली झटापट करायची, असं म्हणणारे त्या काळात पुष्कळ होते. मॅडमनी त्यांच्याशी वाद घातल्याचं मला आठवत नाही. म्हणणारेच पुढे आपापली कुत्री घेऊन रांगेत बसले. माझ्या मुलीच्या आजारपणात मॅडमनी माझं सगळं काम बिनबोभाट अंगावर घेतलं आणि मी आभार मानायला गेलो तर, "टाके काढायचे राहिलेत, ते बघा," म्हणून पिटाळून लावलं. अशा आठवणी मॅडमच्या या गौरवग्रंथात इतरांनीही लिहिल्या असतील. मला मात्र दुसरंच लिहायचं आहे.

पंचाहत्तरीनिमित्त ग्रंथ काढायचं ठरलं तेव्हा मॅडमनी आधी साफ नकार दिला. नंतर एका अटीवर तयार झाल्या. भुऱ्याचं लिहायचं, आणि गुळमुळीत लिहायचं नाही. समितीतल्या काही जणांना हे रुचलं नाही. सत्काराच्या ताटात हा खडा कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण मॅडमची अट म्हणजे अट, आणि भुऱ्याच्या वेळी मी तिथे हजर होतो, म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

भुऱ्या हा पेठ तालुक्यातल्या काशिनाथ भोये यांचा कुत्रा. डोंगरात शेळ्या राखायचा. बिबट्या आला तर आधी भुऱ्या भुंकायचा, मग माणसं जागी व्हायची. अशा कुत्र्याचा गुडघा गेला, म्हणून काशिनाथभाऊ त्याला जीपमध्ये मांडीवर घेऊन नाशिकला आले. मॅडमनी केलेलं इतकं देखणं ऑपरेशन मी क्वचितच पाहिलं. कातडीवरचे टाकेसुद्धा एका ओळीत.

निघताना दवाखान्यात गर्दी होती. दुसरा कुत्रा टेबलावर घेतला होता. मॅडम हातमोजे चढवता चढवता म्हणाल्या, "दोन महिने बांधून ठेवा. अजिबात सोडू नका." काशिनाथभाऊंनी मान डोलावली. वरची पट्टी गावाजवळच्या दवाखान्यात लवकर काढून घ्या, हे सांगायचं त्या गडबडीत राहिलं. आम्हाला सगळ्यांना ते इतकं उघड वाटत होतं की राहिलंय हेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग भाताच्या आवणीचे, म्हणजे लावणीचे दिवस आले. पावसात रस्ता तुटला. टाके दाखवायला काशिनाथभाऊ आले नाहीत. आले तेव्हा भुऱ्याच्या पायावर आमची पट्टी होती, तिच्यावर धोतराच्या चिंध्या होत्या, त्यावर सुतळी होती. पट्टी सैल झाली की ते ती आणखी आवळत होते. कुत्रा मात्र इतके दिवस मोकळा, शेळ्यांमागे हिंडत होता. पट्टी कापली तेव्हा खालचा पंजा काळा पडलेला होता. पाय काढावा लागला.

बांधायचा होता कुत्रा, बांधला गेला पाय. सोडायचा नव्हता कुत्रा, सोडली नाही ती पट्टी. आपल्या भाषेत दोन्हीला शब्द एकच, आणि कोणता अर्थ घ्यायचा हे सांगणारानं सांगितलं नव्हतं. काशिनाथभाऊ म्हणाले, "तुमीच सांगलं व्हतं ना बाई, बांधून ठेवा, सोडू नका. येक दिस बी सोडलं नाय."

एरवी उत्तराला कधी न अडखळणाऱ्या बाई गप्प राहिल्या, ऑपरेशनच्या खोलीत गेल्या आणि हात धुऊ लागल्या. आम्हीही तोंडात मिठाची गुळणी धरली. तीन पायांचा भुऱ्या घेऊन काशिनाथभाऊ परत गेले.

त्यानंतर मॅडमनी आपली पद्धत बदलली. कुत्रा घरी सोडण्याआधी मालकाला बाकावर बसवायचं आणि घरी गेल्यावर काय करणार ते त्याच्याच तोंडून ऐकायचं. सटाण्याचा माणूस अहिराणीत सांगे, सुरगाण्याचा त्याच्या बोलीत. मॅडम मध्ये बोलत नसत. आम्हा तरुणांना हा वेळेचा अपव्यय वाटायचा आणि आम्ही ते बोलूनही दाखवायचो. ऐकता ऐकता किती कुत्र्यांचे पाय वाचले हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पण काशिनाथभाऊंकडे जायचं मात्र राहून गेलं. दिवाळीनंतर जाऊ, उन्हाळ्यात जाऊ, असं म्हणत वर्षं लोटली. मला वाटतं, त्यांचं ते वाक्य मॅडमना आरोपासारखं लागलं होतं, आणि माणूस आरोपाच्या दारात सहसा आपण होऊन जात नाही. शेवटी अंगठ्याच्या संधिवातानं मॅडमची सुरी सुटली. हात रिकामे झाले आणि यंदाच्या थंडीत त्यांनी मला गाडी काढायला लावली.

काशिनाथभाऊ आता बरेच थकले आहेत. त्यांनी मॅडमना लगेच ओळखलं, सुनेला चहा ठेवायला सांगितलं. भुऱ्या तीन पायांवर बरीच वर्षं जगला म्हणाले. मॅडमनी विचारलं, त्यानंतर कुठला कुत्रा पाळला?

"नाय पाळला," ते म्हणाले. "माज्या हातानं त्याचा पाय गेला. गावात समदे म्हनले, लय आवळलास. मी अडानी, मला समजलं नाय. मंग दुसरा जीव कशाला घ्यावा?"

म्हणजे दवाखान्यात त्यांनी आरोप केलाच नव्हता. कुठे चुकलं ते ते बिचारे विचारत होते, आणि उत्तर मिळालं नाही म्हणून सगळी चूक स्वतःकडे घेऊन घरी गेले होते. मॅडमचा चेहरा मी पाहिला. माझ्या या दैवताला मी तेवढं लहान झालेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "काशिनाथभाऊ, मी सांगितलं तेच तुम्ही केलंत. चुकलं माझं. मी नीट सांगितलं नाही."

काशिनाथभाऊ रागावून नव्हे, अगदी साधेपणानं म्हणाले, "हे तवाच सांगायचं व्हतं, बाई."

मॅडमनी मान हलवली. चहा आला, आम्ही तो घेतला. भाऊ आम्हाला गाडीच्या रस्त्यापर्यंत सोडायला आले. नाशिकला गाडीतून उतरताना मॅडम एवढंच म्हणाल्या, एकदा सांगून भागण्यासारखं नाही हे, परत जायला हवं.

मॅडम, सत्काराची शाल आणि श्रीफळ तुम्ही कोपऱ्यात ठेवून द्याल, हे मी जाणतो. तुमच्या हातानं चालती झालेली कुत्री या शहराच्या गल्लोगल्ली धावली, त्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत, आणि ते तुम्हाला आवडो न आवडो, आम्ही म्हणणारच. अंगठा बरा होवो, डोंगराची वाट चढण्याइतके गुडघे शाबूत राहोत, आयुष्य भरपूर लाभो. आणि तुमच्यासाठी जे मागतो तेच काशिनाथभाऊंसाठीही मागतो. तुम्ही पुन्हा जाल तेव्हा ते दारात असोत.